मुंगीची दाढ

दातताई एका शुक्रवाराआड त्या शाळेत यायची. सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात ती सहायक होती. डॉक्टर खुर्चीपाशी बसून दात काढायचे, भरायचे, आणि ती आठवड्यातले तीन दिवस पाच शाळा पालथ्या घालून मुलांना दात राखायला शिकवायची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कलिंगडाएवढा प्लास्टरचा जबडा आणि हातभर लांब ब्रश. तो जबडा टेबलावर ठेवला की वर्गात खसखस पिकायची. वर्गाच्या बाई म्हणायच्या, "दात काढू नका रे," आणि मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं की ते काम ताईंचं. हा विनोद तिने पाच शाळांत मिळून शंभरदा तरी ऐकला असेल. दर वेळी ती हसायची.

तोंड म्हणजे घर, असं ती मुलांना सांगायची. वरचा माळा, खालचा माळा, पुढचा व्हरांडा आणि मागची अंधारी गल्ली. झाडलोट करणारे सगळे व्हरांडा चकचकीत करतात आणि मागच्या गल्लीत कुणी फिरकत नाही, म्हणून कीड तिथेच बिऱ्हाड करते. ब्रशवर पेस्ट वाटाण्याएवढी, ब्रश गोल गोल फिरवायचा, घासघास घासायचं नाही, आणि सकाळचा एखादे वेळी राहिला तरी चालेल पण रात्री झोपायच्या आधीचा चुकवायचा नाही. मग ती लाल गोळी चघळायला द्यायची. जिथे घाण राहिली असेल तिथे दात लालभडक व्हायचे. आरसा हातात दिला की मोठमोठ्या फुशारक्या मारणारी पोरंही गोरीमोरी व्हायची.

हे काम तिने नुसतं पगारासाठी धरलं नव्हतं. तिच्या आईचे सगळे दात पस्तिशीच्या आत गेले होते. आई हसताना पदर तोंडावर घ्यायची, आणि पुढे पुढे तर तिने हसणंच सोडलं. दातताईला आई आठवायची ती तशी, अर्धं तोंड झाकलेली.

पण अकरा वर्षांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. मुलं ऐकतात, माना डोलवतात, आणि घरी गेली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून त्या वर्षी तिने ढालीची कल्पना काढली. डिसेंबरातल्या शेवटच्या तपासणीत ज्या वर्गात एकाही मुलाच्या दाताला न भरलेली कीड सापडणार नाही, त्या वर्गाला ढाल. ज्यांचे दात किडलेले आहेत त्यांनी आधी दवाखान्यात येऊन भरून घ्यायचे, म्हणजे तेही पास. मोठ्या सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी ढाल ठेवायला ऑफिसातलं काचेचं कपाटच रिकामं करून दिलं.

आणि मुलं खरंच पेटली. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की भोकाड पसरणारी नऊ मुलं एकट्या तिसरीच्या वर्गातून दात भरून गेली. वर्गात मुलं एकमेकांना विचारायची, तुझा झाला का, तुझा कधी. एका मुलाला बाकीच्यांनी ऐकवलं की तुझ्यामुळे आपली ढाल जाणार. तो रडत दवाखान्यात आला. दातताईने त्याचे डोळे पुसले, त्याला खुर्चीत बसवलं, आणि संध्याकाळी घरी जाताना तिला वाटलं, चला, आपल्या कामाला यश आलं.

तिसरीच्या वर्गातच मुंगी होती. अंगाने एवढीशी, सदा कुठे ना कुठे लगबग चाललेली, म्हणून सगळ्यांनी तिचं नाव मुंगी पाडलं होतं. ते तिला आवडायचंही. आठ वर्षांची पोर, पण बोलणं पोक्त बाईसारखं. बाईंनी तिला दातांची मॉनिटर केलं होतं. दातताई येण्याआधीच ती मुलांना रांगेत उभं करायची, नखं, रुमाल, पेले सगळं बघून ठेवायची, आणि ताईच्या जबड्यावर ब्रश कसा फिरवायचा ते ताईपेक्षा छान करून दाखवायची. पहिलीच्या वर्गात एक मुलगी काही केल्या तोंड उघडत नव्हती. मुंगी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत काय मोती ठेवलेत का? एक दाखव, मग मीपण दाखवते." मुलीने आ केला. दातताईने त्या दिवशी दवाखान्यात जाऊन सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. स्वतःचं मूल नसलेल्या दातताईचा त्या पोरीवर जीव जडला होता, हे बाईंना दिसत होतं, मोठ्या सरांनाही दिसत होतं.

मुंगीच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. वडील लांबच्या शहरात कामाला, दोनतीन महिन्यांनी येणारे. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी दिवसभर दाबायच्या. पाळी दुपारची असली की घरी यायला रात्र व्हायची. मुंगी बिस्किटांचा पुडा घेऊन आईची वाट बघत बसायची आणि वाट बघता बघता तशीच झोपायची, तोंडात शेवटचं बिस्किट घेऊन. साऱ्या वर्गाला रात्रीचा ब्रश चुकवू नका म्हणून सांगणारी ती मुलगी महिन्यातले निम्मे दिवस स्वतः ब्रश न करता झोपत होती. हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या तपासणीचा शुक्रवार आला. दातताईला त्या एका दिवसात चार वर्ग उरकायचे होते. मुंगी सकाळपासून तिच्या बाजूला बॅटरी धरून उभी होती. एकेक मूल पुढे यायचं, आ करायचं, मुंगी उजेड पाडायची, दातताई छोट्या आरशाने बघायची आणि कार्डावर खूण करून सही करायची. तिसरीचा वर्ग संपला तेव्हा मधली सुट्टी होऊन गेली होती आणि चौथीची मुलं दारात रेटारेटी करत होती. गठ्ठ्यात एक कार्ड उरलं. मुंगीचं.

दातताईने कार्ड हातात घेतलं आणि हसून म्हणाली, "तुझं काय बघायचं? तू तर आमच्यातलीच."

मुंगीही हसली, ओठ मिटूनच. दातताईने 'निरोगी'पुढे खूण केली, सही केली, तारीख टाकली आणि चौथीला आत घेतलं.

ढाल तिसरीला मिळाली. पुढच्या शुक्रवारी मैदानावर सगळ्या शाळेसमोर मोठ्या सरांनी ती मुंगीच्या हातात दिली. ढाल तिच्या छातीपेक्षा मोठी होती. मुलांनी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले.

त्यानंतर अकरा दिवसांनी, मंगळवारी दुपारी, मोठ्या इस्पितळातून दंतविभागात फोन आला. आठ वर्षांची मुलगी दाखल झाली होती. हनुवटीखालचा सगळा भाग सुजून दगडासारखा झालेला, तोंड उघडत नव्हतं, थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. खालच्या दाढेतून पू गळ्याच्या बाजूला उतरला होता. शाळेत दातांची तपासणी झालेली आहे असं आई सांगत होती, तर त्याची नोंद असेल का, असं इस्पितळवाले विचारत होते. डॉक्टरांनी कार्डांचा खोका मागवला. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा वाचलं.

"ताई, ही तुम्ही तपासली होती ना?"

"हो," दातताई म्हणाली.

पुढे आयुष्यभर तिला त्या एका शब्दाचं नवल वाटत राहिलं. तो तिने विचार करून उच्चारला नव्हता. जिभेवर आयता होता, निघून गेला.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. मुंगीला आत काचेपलीकडे ठेवलं होतं आणि कुणाला सोडत नव्हते. मानेला चीर देऊन पू काढला होता, नळी घातली होती. बाहेरच्या बाकावर आई बसली होती, कारखान्याचा निळा एप्रन अजून अंगावर तसाच. दातताई तिच्याशेजारी बसली. बुधवारी ताप उतरल्यासारखा वाटला. वडील रात्रभर प्रवास करून गुरुवारी पहाटे पोचले, आणि त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मुंगी गेली.

दातताईने शुक्रवारी डॉक्टरांना खरं सांगितलं. आपण तिचं तोंड बघितलंच नव्हतं, खूण तशीच केली होती. डॉक्टर बराच वेळ हात धुत राहिले. मग म्हणाले की दोन दाढांच्या मधल्या फटीतली कीड कधी कधी आरशानेही दिसत नाही, आणि तिने बघितलं असतं तरी सुटली असती. ते तिला धीर देत होते हे तिला कळत होतं. तिने मान हलवली आणि म्हणाली की सुटली असती कदाचित, पण मग ती माझ्या नजरेतून सुटली असती, माझ्या आळसातून नाही. डॉक्टरांनी सगळं लिहून वर कळवायला सांगितलं. तिने लिहिलं. वरून एक ताकीद आली, तिच्या फाईलला लागली, आणि तेवढ्यावर ते प्रकरण कागदोपत्री मिटलं.

अकराव्या दिवशी ती मुंगीच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावरची एकच खोली. वडील कामावर परतले होते. आई पलंगावर बसून मुंगीचे शाळेचे कपडे घडी करत होती. इस्त्रीवाल्या बाईच्या घड्या, कडेला कड अशा जुळलेल्या. घडी झाली की ती मोडायची आणि पुन्हा घालायची. भिंतीवर मुंगीने पट्टी लावून आखलेला तक्ता होता, महिन्याच्या सगळ्या तारखांचा, सकाळ आणि रात्र अशा दोन रांगांचा. सकाळची रांग खुणांनी भरलेली होती. रात्रीच्या रांगेत कितीतरी घरं कोरी होती. त्या पोरीने भिंतीवर खोटं लिहिलं नव्हतं.

दातताईने बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसल्यावर सांगणं आपल्याला जमणार नाही अशी तिला भीती वाटत होती.

आईने हातातला फ्रॉक मांडीवर ठेवला. "मग सही कशाला केलीत?"

"घाई होती. आणि ती माझी लाडकी होती. तिचे दात कसे खराब असतील असंच धरून चालले मी."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. आई बोलायला लागली, दातताईकडे न बघता, त्या तक्त्याकडे बघत. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात मुंगीची दाढ ठणकत होती. दोन रात्री झोपली नाही. आई म्हणाली, उद्या दवाखान्यात दातताईंकडे जाऊ. तर पोरगी पायच धरून बसली. आत्ता नको, आत्ता गेलं तर सगळ्यांना कळेल, मी मॉनिटर आहे, मीच सगळ्यांना सांगते आणि माझीच दाढ किडलेली निघाली तर मुलं काय म्हणतील. ढाल मिळू दे, मग जाऊ. आईने लवंग धरायला दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. आणि तिसऱ्या दिवशी ठणका आपोआप थांबला.

"थांबला म्हणजे बरी झाली, असं वाटलं मला," आई म्हणाली. "मला काय माहीत?"

दातताईला माहीत होतं. दाढेतली नस मेली की दुखणं थांबतं आणि पू खाली उतरायला लागतो. हे ती डॉक्टरांकडून हजारदा ऐकत आली होती, पण शाळेतल्या मुलांना किंवा त्यांच्या आयांना तिने ते कधीच सांगितलं नव्हतं. ती फक्त ब्रश कसा फिरवायचा ते सांगायची.

सूज दिसली ती दाखल करायच्या आधीच्या शनिवारी. मुंगी म्हणाली, खेळताना लागलं. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी आईला रजा मिळाली नाही, म्हणून दुकानातून तापाचं औषध आणून दिलं आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. आईने हे सगळं एका सुरात सांगितलं, कुणाला तरी हिशोब द्यावा तसं. मग तिने फ्रॉक पुन्हा उचलला.

"मी तिची आई. माझ्या डोळ्यांसमोर होती. तुमच्यावर काय रागावू? पण राग येतो. आता जा तुम्ही."

दातताई उठली आणि गेली. कठड्याला धरून ती उतरली आणि खालच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली.

मोठ्या सरांनी ढाल कपाटातून काढायला आधी नाही म्हटलं. मुलांनी मेहनत केली आहे, त्यांच्यावर अन्याय कशाला, असं त्यांचं म्हणणं. दातताईने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की ती ढाल मिळवायला एका मुलीने दुखणं लपवलं, आणि ती आहे तोवर आणखी कुणीतरी लपवेल. दुसऱ्या दिवशी कपाटात पुन्हा खडूचे खोके आले.

तिसरीच्या वर्गात जायला तिला सर्वांत जड गेलं. त्या दिवशी तिने जबडा पिशवीतून काढलाच नाही. मुलं हाताची घडी घालून बसली होती आणि सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली. दातात कीड झाली की माणूस मरतं, एवढंच त्यांना कळलं होतं. बाईंनी सांगितलं की आठवड्याभरात चार मुलं रात्री घाबरून उठल्याचं घरचे सांगून गेले, आणि एक मुलगी दात हलायला लागला म्हणून आईला बिलगून बसली ती दिवसभर सोडेना.

दातताई जमिनीवर, मुलांच्या पुढ्यात बसली. तिने त्यांना सगळं खरं सांगितलं, आठ वर्षांच्या मुलांना कळेल अशा शब्दांत. मुंगीची दाढ किडली होती. तिने सांगितलं नाही, कारण तिला लाज वाटली. मी बघितलं नाही, कारण मला घाई होती. मोठ्या माणसाने बघायला हवं होतं, ती चूक माझी, मुंगीची नाही आणि तुमची तर मुळीच नाही. दाढ भरली की बरी होते, काढली तरी माणूस बरं होतं. लपवली तरच वाईट. आणि दुखायची थांबली तरी दाखवायची.

मागच्या बाकावरचा तो विनोद करणारा मुलगा म्हणाला, "ताई, मुंगीला आम्हीच म्हणालो होतो. ज्याची कीड निघेल त्याच्याशी कट्टी."

"ते तुम्हाला तसं म्हणायला मीच शिकवलं होतं," दातताई म्हणाली. "ढाल मी आणली होती."

मग तिने विचारलं की आत्ता कुणाचं दुखतंय का. कुणी हललं नाही. तिने घाई केली नाही. तशीच बसून राहिली, बाईही खिडकीपाशी उभ्या राहिल्या. आधी एक हात वर झाला, मग दुसरा, मग पाच झाले. दोघांचे नुसते दुधाचे दात हलत होते. एकीची हिरडी सुजली होती. आणि दोघींनी तपासणीच्या दिवशी दाढेतल्या भोकात मेणबत्तीचं पांढरं मेण दाबून भरलं होतं, ते अजून तसंच होतं. तिने त्या तिघींना त्याच दुपारी, बाईंची परवानगी घेऊन, स्वतःबरोबर रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

त्यानंतर तिचं शिकवणं बदललं. ब्रश, पेस्ट, मागची गल्ली सगळं होतंच, पण आधी ती दुखण्याबद्दल बोलायची. महिन्यातून एकदा संध्याकाळी उशिरा शाळेत आयांना बोलवायची, पाळीवरून परतणाऱ्यांना जमेल अशा वेळी, आणि त्यांना सांगायची की ठणका थांबला म्हणून थांबू नका. पहिल्या वेळी तिघी आल्या, पुढच्या वेळी अकरा. मुंगीची आई कधी आली नाही. दातताईने तिची वाटही पाहिली नाही, म्हणजे असं ती स्वतःला सांगायची.

सात महिने गेले. एका बुधवारी सकाळी दंतविभागाबाहेरच्या रांगेत पंधराव्या नंबरला मुंगीची आई बसलेली दिसली, गालाला हात लावून. तिची खालची दाढ तुटली होती आणि मुळं आत राहून सडली होती. ती किती दिवस दुखणं अंगावर काढत होती कोण जाणे. डॉक्टरांनी बघितलं आणि काढावी लागेल म्हणाले. दातताई बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला तरी आत पाठवणार होती, पण आई तिच्याकडे बघून म्हणाली, "राहा तुम्ही."

डॉक्टरांनी सुई दिली. गाल बधिर व्हायची वाट बघत असताना आई रडायला लागली. आधी डोळ्यांतून नुसतं पाणी, मग सगळं अंग हलायला लागलं. डॉक्टरांनी दुखतंय का म्हणून विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. दातताईने डॉक्टरांना खुणेने थांबायला सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी हातमोजे काढून ठेवले. बाहेर सोळा नंबरवाला दार ढकलून बघून गेला. दातताई खुर्चीच्या बाजूला उभी होती. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईने तो झटकला नाही. बधिरलेल्या ओठांतून ती काहीतरी बोलत होती, शब्द नीट उमटत नव्हते. मुंगीच्या खऱ्या नावाने ती तिला हाक मारत होती.

थोड्या वेळाने तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले, डोकं मागे टेकलं आणि आपण होऊन तोंड उघडलं.

दाढ निघायला वीस मिनिटं लागली. दातताईने कापसाचा बोळा ठेवला आणि नेहमीच्या सूचना दिल्या, अर्धा तास दाबून धरायचा, आज गरम काही घ्यायचं नाही, उद्यापर्यंत चूळ भरायची नाही. मग आणखी दोन दाढा भरायला लागतील म्हणून सांगितलं आणि पुढच्या बुधवारची वेळ दिली. आईला बोलता येत नव्हतं. तिने चिठ्ठी घेतली, नीट बघितली, चार घड्या घालून मुठीत धरली आणि गेली.

पुढच्या बुधवारी ती आली. त्याच्या पुढच्याही आली. दोघींमध्ये दाढांपलीकडे फारसं बोलणं कधी झालं नाही.